तळाची सुकट

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१७ ऑक्टोबर १९८६

चि. बेसिल,

चंद्रामावशीचा तुला पोटभर आशीर्वाद. ठाण्याहून डोंबिवलीला पत्र टाकायची वेळ यावी याचं आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. पाऊण तासाचा रस्ता. पण तू येत नाहीस आणि तुझी आत्या बोलवत नाही, तेव्हा मधे हे कागदच धावणार.

मी खोपटला तुमच्या घरीच बसून लिहितेय. तुझी आत्या लुर्दस समोर खुर्चीत आहे आणि मीही खुर्चीतच. तुला ठाऊक आहे, अंगाला मासळीचा वास असला तरी ती मला जमिनीवर बसू देत नाही. काचबिंदूनं तिला आता उजेड-सावली एवढंच कळतं. म्हणून ती सांगते आणि मी लिहिते. तुझं पत्र आलं की तेही मीच वाचून दाखवणार. अक्षराला हसू नकोस. सुकट बांधायच्या रद्दीवरून एकेक अक्षर उचलून शिकलेली बाई मी, जोडाक्षरं तेवढी तुझ्या आत्यानं घटवून घेतली.

आत्याचं म्हणणं असं, की जे झालं ते तू कबूल करावंस. माफीच्या दोन ओळी लिहाव्यास, पत्रातूनच. लगेच येऊ नकोस. तिचा राग अजून निवलेला नाही, फाटकाशी तुझा आवाज ऐकला तर पुन्हा चार माणसांत वाजेल. आधी माफी, मग येणं. मावशीचं एवढं ऐक.

मी तुला दोष देत नाही. तरुण रक्त आहे. तुझी ठरलेली व्हिक्टोरिया म्हणाली असेल, एवढ्या मांजरांच्या घरात मी नांदायला येणार नाही. त्यात तुझं काय चुकलं? पण तू सगळ्यांसमोर बोलून बसलास, ‘एक दिवस सगळ्यांना औषध घालून मोकळा होतो.’ आणि आठवड्यात अकरा मांजरं पाय झाडत गेली. तुझी नोकरी केमिकलच्या कंपनीत. लोकांनी दोनात दोन मिळवले. तुझ्या आत्यानंही मिळवले.

चौतिसातली तेवीस उरली आहेत. अकरा जांभळाखाली पुरली, तिथं आता गवत आलंय. बाकी रहाटगाडगं तसंच. बाजारातल्या बायका आपापल्या पाटीतली मासळीची डोकी-कल्ले माझ्या डब्यात टाकतात, मी रोज दुपारी आणून देते. शेजारच्या एस.टी. डेपोचे ड्रायव्हर अजूनही गोणीत पिल्लं घेऊन येतात. परवा शहापूरच्या गाडीतून दोन उतरली, कंडक्टर म्हणाला, ‘बाई, यांचं अर्धं तिकीटपण घेतलं नाही.’ नवरात्रात टेंभी नाक्याचे कर्णे इथवर ऐकू येत होते, सगळी पिल्लं खाटेखाली जाऊन बसली. आत्या त्यांच्यापाशी जमिनीवर बसून माळ जपत होती.

आमच्याही घरची काळी मांजर त्याच आठवड्यात गेली. म्हातारी झालेली.

दोन ओळी लिही.

तुझी,
चंद्रामावशी


ठाणे
१८ डिसेंबर १९८६

बेसिल बाळा,

तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, पण माफीची ओळ काही सापडली नाही. आत्याला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘संपलं?’ मी म्हटलं, ‘संपलं.’

तू केलं नाहीस असं लिहितोस. मी कोण खरं-खोटं करणारी? मला दोघंही सारखी. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. ड्यूटीवरून येऊन लुर्दस तुला कडेवर घ्यायची ती नर्सच्या कपड्यांनिशी, आणि तू तिची टोपी ओढायचास. असल्या बाईपुढं वाकलं तर कुणाची पाठ मोडत नाही. केलं असो, नसो. वाकायचं.

तू विचारतोस, त्या दिवशी मांजरांनी काय खाल्लं होतं, आणि गुरांच्या डॉक्टरला दाखवलं का. अरे, पाऊस किती होता तुला आठवत नाही का? दहा दिवस उघडीप नव्हती. डॉक्टर कुठून आणायचा? मीच म्हटलं, पुरून टाकू, वास सुटेल, रोग पसरेल. आणि खाणं काय, आषाढात होड्या वर ओढलेल्या, ताजी मासळी नावाला. जे मिळेल ते. दूध, भात, थोडं सुकं-बिकं. नेहमीचंच. असले प्रश्न विचारून गेलेली परत येणार आहेत का?

पुन्हा ते लिहू नकोस. तिला त्रास होतो.

आमच्या करंज्यांसारख्या त्या नाताळच्या न्यूऱ्या आत्यानं या वर्षीही केल्या. दिसत नाही, पण बोटांनी कडा मुरडत होती, एकही फुटली नाही. एक डबा वेगळा भरून फडताळावर ठेवलाय. कोणासाठी ते बोलली नाही, मी विचारलं नाही.

तुझी,
चंद्रामावशी


ठाणे
९ फेब्रुवारी १९८८

बेसिल,

लग्न सुरेख झालं. मी मागच्या बाकावर होते, तू बघितलंस ते मी बघितलं. पाया पडायला आलास आणि कानात विचारलंस, ‘आत्या कशी आहे?’ मी म्हटलं, ‘बरी आहे, अजून धुसफुस आहे.’ व्हिक्टोरिया गुणी वाटली. माझ्या साडीच्या वासानं तिनं नाक मुरडलं नाही.

आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला बँड लावून बायका विहिरीवर गेल्या, त्यात तुझी आत्या नव्हती. नवऱ्या मुलाच्या आंघोळीचं पाणी आत्यानं आणायचं असतं. तो घडा दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर होता. मला पुढचं दिसेना, मी चपला घालून स्टेशनवर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी खोपटला गेले तर लुर्दस पायरीवर. म्हणाली, ‘चंद्रा, आज बँड कुठला वाजला असेल गं, ठाण्याचा की कल्याणचा?’ तिला तारीख ठाऊक होती, चर्चमध्ये कुणाकडून तरी कळली असावी. मी म्हटलं, ‘मला काय माहीत?’

मी लग्नाला गेलेले हे तिला सांगितलेलं नाही. तूही कुणाला बोलू नकोस.

चंद्रामावशी


ठाणे
२७ ऑगस्ट १९९१

बेसिल,

परवा नारळी पौर्णिमा झाली. कोळीवाड्यातून सोन्याचा नारळ निघाला. पोरं नाचली, मी दारातून बघितलं. आमच्या घरी नारळ फोडायला आता माणूस नाही. आमचे मालक, परशुराम, गेले त्याला वर्ष होईल. शेवटची चार वर्षं त्यांनी होडी पाण्यात घातलीच नव्हती. खाडीत जाळं टाकलं तर घाण वर यायची. बोई मासळीच्या कालवणाला रॉकेलचा वास. मांजरसुद्धा हुंगून मागे सरायचं. घरात दोन ताटं वाढायची सवय अजून मोडत नाही.

पोतं दर महिन्याला पोचतं. तू नाव घालत नाहीस, पण डेपोतला पार्सलवाला सांगतो, डोंबिवलीहून आलं. तांदळाची कणी चांगली असते, मांजरं भाताबरोबर मजेत खातात. त्वचेच्या औषधाच्या बाटल्याही पोचल्या, तीन मांजरांची खरूज गेली. आता एकूण एक्केचाळीस झाली आहेत. आत्या विचारते, ‘कोण गं हा देवमाणूस?’ मी म्हणते, ‘असेल कुणी व्यापारी, पाप फेडत असेल.’

एक सांगते. पोत्याच्या तोंडाची सुतळीची गाठ तू बांधतोस ना, ती मी फाटकाबाहेरच सोडते आणि मग पोतं आत घेते. ती गाठ तुला लहानपणी आत्यानं शिकवलेली, बँडेजची. तिची बोटं ओळखतील.

का सोडते ते विचारू नकोस.

मुलगी झाली, छान झालं. तिचं नाव काय ठेवलंस ते वाचलं आणि पत्राची घडी घालून ते डब्यात ठेवून दिलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

इथं बिल्डरची माणसं फेऱ्या मारतात. जागा डेपोला लागून, सोन्याची. परवा एकजण म्हणाला, ‘आजी, मांजरांसाठी पण एक रूम देऊ.’ आत्या म्हणाली, ‘आधी तू राहून दाखव त्यात.’ तो गेला. पण ती आता एकाहत्तरची आहे, बेसिल. तिच्यामागे या मुक्या जिवांना कोण? मला दिवसभर हाच घोर. तू असतास तर.

चंद्रामावशी


ठाणे
९ जुलै १९९४

बेसिल,

हे पत्र आधी पेटीत टाकणार आहे आणि मग खोपटला जाणार आहे. एकदा पेटीत पडलं की मागे घेता येत नाही, म्हणून.

सोमवारी दुपारी मी तुमच्या फाटकात पोचले तेव्हा मंजुळा मांजरांना जेवायला घालत होती. मंजुळा म्हणजे मागच्या चाळीतली, तिचा नवरा कंडक्टर होता, तो वारल्यापासून दोन वर्षं ती आत्याच्या हाताखाली असते. पावसानं मासळी नाही, म्हणून बिचारीनं सकाळीच माझ्या शेजारणीला सांगून माझ्या घरातून सुकट आणली होती. माळ्यावरची. भातात कालवून परात खाली ठेवली आणि मांजरं धावली. मी दारातून ओरडले आणि हातातली छत्री फेकून मारली. परात उलटी झाली, भात चिखलात. मंजुळा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘मावशी, असं काय झालं?’

त्या सुकटीत काही नव्हतं, बेसिल. आठ वर्षांत मी माळ्यावर काही टाकलेलं नाही. हात आपोआप गेला.

आतून आत्यानं विचारलं, ‘चंद्रा, परात कुणी उडवली?’

‘माझा पाय लागला,’ मी म्हटलं.

‘तुझा आवाज दारातून आला. परात न्हाणीपाशी होती.’

मंजुळेनं चहा केला. अर्धा चहा झाल्यावर आत्या अगदी सावकाश म्हणाली, ‘त्या वर्षी सुकट तूच आणली होतीस ना गं?’

मी हो म्हटलं. बाकीचा चहा माझ्याच्यानं गेला नाही. पाच दिवस मी खोपटला फिरकले नाही. डबा शेजारणीकडून पाठवला.

आता नीट सांगते.

१९८६च्या जूनमध्ये माळ्यावर मुंग्या नि किडे फार झाले होते. सुकटीची पोती भरलेली. तो माल गेला असता तर आमचा पावसाळा गेला असता. मी मुंग्यांची पांढरी पावडर आणली आणि चटईवर, पोत्यांच्या बुडाला, कडेकडेनं मुठीनं टाकली. सगळ्याच टाकत होत्या, माझ्या मनात काही आलं नाही. वरचा माल विकला. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगते, ‘बाई, तीन पाण्यांनी धू, मग फोडणीला टाक.’ माणसं धुतातच. तळाला चुरा उरतो, डोकी, पाय, धूळ. तो विकत नाही. चाळून ठेवला होता. आषाढातल्या त्या रविवारी बाजारात एक डोकं मिळालं नाही. मांजरं उपाशी राहतील म्हणून तो चुरा डबा भरून मी खोपटला नेला आणि तसाच घातला. मांजरांसाठी कोण तीन पाण्यांनी धुतं? आत्या म्हणाली, ‘देव तुझं भलं करो, चंद्रा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की मांजरं थरथरतायत, तोंडाला फेस आहे. मला तेव्हाही कळलं नाही, खरंच. पण मी पदर खोचून निघाले तर आमची काळी चुलीमागं पडलेली. तशीच थरथरत. आदल्या दिवशी तिनं चाळण चाटली होती. ती जन्मात कधी खोपटला गेली नव्हती. म्हातारी झालेली असं मी तुला लिहिलं. ती तीन वर्षांची होती.

मी सांगायलाच निघाले होते. परशुरामांना म्हटलं, ‘लुर्दसला सांगून येते, माझ्या हातून झालं.’ ते म्हणाले, ‘सांग, आणि मग बाजारात तुझी सुकट कोण घेतं ते बघ.’ तरीही निघाले. फाटकाशी पोचले तर माणसं जमलेली, आणि तुझी आत्या तुझ्या शर्टाला धरून खुनी म्हणत होती. तू मला बघितलंस. म्हणालास, ‘मावशी, तू तरी सांग हिला.’

मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतेय.

चूक झाली ती त्या रविवारी. तिच्यासाठी मी देवाजवळ तोंड वर करून उभी राहीन. पण पाप केलं ते नंतर. ऐक, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी आत्यानं माफी माग असं सांगितलंच नव्हतं. माझ्या हातात पेन देऊन ती म्हणाली होती, ‘एवढंच लिही. बेसिल, तू केलंस का? नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवीन.’ एवढंच. मी बसले होते आणि पेन उचलत नव्हतं. तू नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. ती विश्वास ठेवणार हेही ठाऊक होतं. मग पुढचा प्रश्न येणार, मांजरांनी काय खाल्लं होतं. म्हणून मी दुसरंच लिहिलं आणि तिला वाचून दाखवताना तिचंच वाक्य वाचून दाखवलं.

आणि तुझं उत्तर आलं तेव्हा त्यातली ‘मी केलं नाही’ ही ओळ मी वाचली नाही. पावसाचं वाचलं, कंपनीचं वाचलं, खोलीच्या भाड्याचं वाचलं. ती म्हणाली ना, ‘संपलं?’ ती त्याच ओळीची वाट बघत होती. आली नाही म्हणून ती धरून चालली, की पोरानं नाही म्हटलं नाही, म्हणजे केलं.

दर पत्राला असंच. लग्नाचं बोलावणं पोचवलं नाही. पोरीचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती त्याच पावली स्टेशनकडे निघाली असती, आणि तुम्ही दोघं पाच मिनिटं समोरासमोर बसला असता तर माझं सगळं उघडं पडलं असतं.

तू म्हणशील, मावशी, बाजाराला एवढी घाबरलीस? बाजाराचं नाही रे. बाजार मी सांभाळला असता. त्या खुर्चीचं. गावात मला कुणी खुर्ची दिली नव्हती. ती खुर्ची गेली की जमिनीवरही जागा राहणार नाही, एवढीच भीती.

रोज डोकी नेली, कल्ले नेले, आजारी पिल्लं उराशी धरून औषध पाजलं. लोक म्हणतात, चंद्राबाईला मांजरांची केवढी माया. मायाही होती, खोटं नाही. पण रोज त्या जांभळावरून जायचं असायचं.

आता पाऊस थांबलाय. पत्र टाकून येते.

चंद्रभागा


ठाणे
१३ जुलै १९९४

बेसिल,

आत्याचं पत्र तुला माझ्या आधी मिळालं असेल. ते माझ्याच हातचं आहे. तरीही ते कसं लिहिलं गेलं ते तुला कळायला हवं, म्हणून हे वेगळं.

शनिवारी दुपारी तिला सगळं सांगितलं. तिच्या मांडीवर तो लंगडा बोका होता. त्याच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता. मी बोलत होते तोवर तो एकदाही थांबला नाही.

माझं संपल्यावर म्हणाली, ‘त्यानं नाही लिहिलं होतं?’

‘हो.’

‘कसं लिहिलं होतं? त्याच्या शब्दांत सांग.’

मला ते पाठ होतं. आठ वर्षं पाठ आहे. मी सांगितलं, ‘आत्या, मी मांजरांना हात लावलेला नाही. तू मला एकदा विचारलंही नाहीस.’

‘आणि मी विचारलं होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

मग बोक्याला खाली ठेवलं. म्हणाली, ‘कागद घे.’ मला वाटलं मंजुळेला सांगेल. पण मलाच म्हणाली. ‘तूच लिही. तुझ्याच हातानं जाऊ दे.’

तिनं सांगितलं ते मी लिहिलं, शब्दाला शब्द. तुझ्यापाशी तो कागद आहे, ताडून बघ. ‘बेसिल, मी तुझी आत्या. तू केलंस का, हे मी तुला तेव्हाच विचारलं होतं. ते तुझ्यापर्यंत आलं नाही. तू नाही म्हणालास, ते माझ्यापर्यंत आलं नाही. माझी मांजरं चंद्रभागेच्या सुकटीनं मेली. ते तिच्या हातून चुकून झालं. बाकीचं चुकून झालं नाही.’ इथं माझा हात थांबला. ती म्हणाली, ‘लिहिलंस?’ मी म्हटलं, ‘लिहितेय.’ तिनं वाट बघितली.

पुढं म्हणाली, ‘पण चार माणसांत तुला खुनी म्हणाले ती मी. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची माफी मी मागते. तुझ्या पोरीचं नाव मला ठाऊक नाही.’

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘लुर्दस.’

तिला वाटलं मी तिला हाक मारली. ‘काय?’ म्हणाली.

‘पोरीचं नाव. लुर्दस ठेवलंय.’

बाहेर डेपोत कुठल्याशा गाडीचा पुकारा झाला, मुरबाडच्या. ती खुर्चीच्या हातावर बोट घासत होती. मग म्हणाली, ‘पुढं लिही. ये. तिला घेऊन ये. तिला मांजरांची भीती वाटत असेल तर आधी कळव, मी त्यांना मागच्या खोलीत ठेवीन.’

खाली काही लिहायला सांगितलं नाही. ‘माझं बोट धरून कागदावर ठेव,’ म्हणाली आणि पेन घेऊन आपलं नाव स्वतः काढलं. ओळ सोडून वर गेलं, पण पुरं काढलं.

आणि मग तिनं मंजुळेला हाक मारली. मंजुळा हात पुसत आली. ‘वाचून दाखव,’ आत्या म्हणाली. ‘काय काय लिहिलंय ते. पहिल्यापासून.’

मंजुळा चौथीपर्यंत शिकलेली. अडखळत, बोट ठेवून वाचत होती. माझ्या नावापाशी येऊन तिनं माझ्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, ‘थांबू नकोस.’ मी खुर्चीत बसले होते आणि माझ्या हातचा कागद माझ्यासमोर दुसऱ्याच्या तोंडून तपासला जात होता. शेवटपर्यंत ऐकून तिनं मान हलवली. पाकीट मंजुळेला चिकटवायला लावलं. पेटीतही तिनंच टाकलं. मी म्हटलं होतं, जाता जाता टाकते. आत्या म्हणाली, ‘नको.’

मी उठले. म्हटलं, ‘मी येऊ की नको, लुर्दस?’

ती म्हणाली, ‘डोकी आणत जा. मांजरांनी काय केलंय? फाटकाशी ठेव, मंजुळा आत घेईल.’

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर घरी येऊन मी जेवले असते.

तेव्हापासून तीन दिवस तसंच करते. बाजारात आता थोडी थोडी मासळी येऊ लागलीय. काल मिळाली नाही, तेव्हा सुकट नेली. फाटकाबाहेर नळ आहे, डेपोचे लोक हात धुतात तो, तिथं बसून तीन पाण्यांनी धुतली. एक ड्रायव्हर म्हणाला, ‘आजी, मांजरांना काय एवढं?’ मी पाणी बदललं. पहिल्या पाण्यात माती जाते, दुसऱ्यात मीठ. तिसऱ्यात काही दिसत नाही, तरी धुवायची. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती खिडकीशी आली असावी. तिला दिसत नाही, पण पाण्याचा आवाज येतो.

तू येशील तेव्हा फाटकाशी माझी मासळीची पाटी असेल, झाकलेली. ती ओलांडू नकोस, उचलून आत ने. मुलीला पायरीचा दगड हलतो ते सांग, तिसरा. पोत्याची गाठ आता तशीच आत जाते, मी सोडत नाही.

मी दुपारी बाराला येते आणि साडेबाराला निघते. तेवढी वेळ टाळून आलास तर बरं.

चंद्रभागा परशुराम कोळी